पिंजरा कुणासाठी?

जुन्नर तालुक्यात 'पिंजरा' म्हटलं की वनखात्यानं बिबट्यासाठी लावलेला लोखंडी सापळाच आठवतो. बोरी बुद्रुकात मी मात्र पॉमेरेनियनच्या पिल्लाला पिंजऱ्याची सवय लावतोय. हा माझा पहिलाच कुत्रा.

कुत्र्याला रात्री कोंडणं इथं जुनं नाही. धनगरांचा वाडा शेतात बसला की मेंढरं वाघरीच्या जाळीत आणि कुत्रा बाहेर, राखणीला. मग कुकडीच्या खोऱ्यात येडगाव, माणिकडोहसारखी धरणं झाली, पाणी आलं, ऊस वाढला. उसात बिबट्याला आडोसा मिळाला, माद्या तिथंच पिल्लं घालू लागल्या. २००१च्या सुमारास माणसांवरचे हल्ले वाढले. कितीतरी बिबटे पकडून दूर सोडले गेले. शेजारच्या अकोले तालुक्यात विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

म्हणून ही सवय. आधी दार उघडं ठेवून आत जेवण, मग दोन मिनिटं बंद, मग दहा. पिल्लू शांत असतानाच दार उघडायचं. शिक्षा म्हणून कधीच कोंडायचं नाही. आणि पिंजरा ओट्यावर नाही, घरात ठेवायचा. पूर्वी कुत्रा आपली राखण करायचा. उसाच्या गावात आता आपल्याला त्याची करावी लागते.