बर्फावरची अतिशयोक्ती

व्हिडिओ गेम हा साहित्याच्या अध्यापकांचा विषय होऊ शकतो काय, हा वाद आमच्या स्टाफरूममध्ये अनेकदा झडला आहे. तो येथे पुन्हा उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. मात्र २००० साली आलेल्या 'एसएसएक्स' या खेळाने, आणि विशेषतः २००१ मधील 'एसएसएक्स ट्रिकी' या त्याच्या दुसऱ्या भागाने, आम्हां काही जणांना पाडलेला प्रश्न थेट काव्यशास्त्राच्या अंगणातला आहे. ज्याने जन्मात बर्फाच्छादित डोंगर पाहिला नाही, त्यालाही ही धडधडीत खोटी घसरण इतकी हवीहवीशी का वाटावी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

स्नोबोर्डिंगचा जन्मच मुळी खेळण्याच्या रूपाने झाला. १९६५ च्या नाताळात अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. 'स्नो' आणि 'सर्फर' यांच्या संकरातून तिला 'स्नर्फर' हे नाव मिळाले. टोकाला धरायला एक दोरी आली. १९७० च्या दशकात जेक बर्टन कारपेंटर, टॉम सिम्स आदींनी त्या फळीला घाट दिला. स्की करणाऱ्या प्रतिष्ठितांना ही उनाड पोरे खपत नसत आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बहुतेक स्की-केंद्रांची दारे त्यांना बंद होती. पुढे १९९८ साली जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये याच खेळाला मानाचे पान मिळाले. पण व्यवस्था स्कीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे सोपवली गेल्याने नॉर्वेचा नामांकित खेळाडू तेर्ये हॉकॉन्सन स्पर्धेला गेलाच नाही. पहिले सुवर्णपदक मिळवणाऱ्या कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाटीचे पदक गांजाच्या कारणावरून काढून घेण्यात आले आणि मग परतही करण्यात आले! उनाडपणाला राजमान्यता देताना व्यवस्थेची जी तारांबळ उडते, तिचा याहून बोलका दाखला क्वचितच मिळेल.

'एसएसएक्स' हा या प्रसंगानंतर दोनच वर्षांनी आला. 'स्नोबोर्ड सुपरक्रॉस' या शब्दांवरून हे नाव पडले. कॅनडातील व्हँकूवरजवळच्या बर्नबी येथील 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स'च्या शाखेने तो घडवला आणि ऑक्टोबर २००० मध्ये उत्तर अमेरिकेत 'प्लेस्टेशन २' यंत्राबरोबरच तो बाजारात उतरला. त्यापूर्वी जपानी 'नामको' कंपनीचे 'अल्पाइन सर्फर' (१९९६) हे यंत्र होते. त्याच्या फळीवर प्रत्यक्ष उभे राहून डोलावे लागे. 'निन्टेन्डो'चा '१०८०°' (१९९८) हा खेळ घरबसल्या खेळायचा, पण त्याचा ओढा वास्तवाकडे. उडी चुकली की देहाचे वजन जाणवे. 'एसएसएक्स' खेळायचा घरीच, परंतु त्याची वृत्ती नाणे टाकून खेळायच्या आर्केडची, म्हणजे आपल्याकडील व्हिडिओ गेम पार्लरची. तेथे नाण्याचे मोल पहिल्या मिनिटात वसूल व्हावे लागते.

या खेळाचे मर्म त्याच्या एका नियमात आहे. शर्यत तर जिंकायची, पण नुसते सरळ खाली गेल्याने ती जिंकता येत नाही. उडीत गिरकी घ्यावी, कोलांटी मारावी, हवेत फळीची कड पकडावी, म्हणजे पडद्यावरची एक पट्टी भरत जाते; आणि त्या पट्टीतूनच जादा वेग मिळतो. आपटलात तर कमावलेले गमावलेत. येथे कसरत ही शर्यतीला जडवलेली नक्षी राहत नाही, तीच इंधन होते. एम.ए.च्या वर्गात भामह शिकवताना, त्याने अतिशयोक्तीला सर्व अलंकारांच्या मुळाशी का बसवले, हे विद्यार्थ्यांच्या गळी उतरवणे जड जाते. आता आम्ही बेलाशक हे उदाहरण देतो. (मागच्या बाकांवरून त्याला मिळणारी दाद भामहाला एरवी मिळत नाही, हेही नमूद करावे.)

'ट्रिकी'ने हे तत्त्व टोकाला नेले. पट्टी पूर्ण भरली की रन-डीएमसी या गायकवृंदाच्या १९८६ मधील 'इट्स ट्रिकी' गाण्याचे बोल कानी पडतात, आणि मग खेळाडू भर हवेत फळीच्या पट्ट्यांतून पाय सोडवून अशक्य करामती करू लागतो. अशी प्रत्येक करामत शीर्षकातले एकेक अक्षर उजळवते; सहाही अक्षरे उजळली की उरलेल्या उतारासाठी जादा वेग अखंड मिळतो. खेळाचे शीर्षकच खेळता खेळता लिहिले जाते, ही कल्पना आम्हांस अतिशय भावते. उतारांतही तोच तोरा : ब्रिटिश कोलंबियातील गॅरिबाल्डीचा डोंगर त्यातल्या त्यात डोंगरासारखा, तर टोकियोतला मार्ग म्हणजे एक अजस्र बंदिस्त खेळणे. पात्रेही नाटकी, लूसी लिऊ, मेसी ग्रे अशा नामवंतांचे आवाज त्यांना लाभले आहेत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या मुक्तपणासाठी हॉकॉन्सन ऑलिम्पिकपासून दूर राहिला, तो येथे तरी कुठे उरतो? प्रत्येक गिरकीला गुण आहेत. उनाडपणा मोजला जातो आणि विकलाही जातो. हा आक्षेप आम्ही खोडून काढू इच्छित नाही. इतकेच म्हणू, की परीक्षकाच्या मोजमापाने उडीची उंची वाढत नाही आणि येथे अतिशयोक्ती केल्याशिवाय गुणच मिळत नाहीत.

२००३ च्या तिसऱ्या भागाने एकच प्रचंड पर्वत आणि त्याची तीन शिखरे उभी केली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग उतरत जाण्याचा त्यातील अनुभव पुष्कळांना सर्वोत्तम वाटतो. आमच्यातही यावर एकमत नाही. २०१२ च्या 'एसएसएक्स'ने मात्र वेगळीच वाट धरली. 'नासा'च्या उपग्रहांनी टिपलेल्या भूपृष्ठाच्या माहितीवरून त्याचे डोंगर रचले गेले आणि त्यांत आपला हिमालयही आला. पण तो आला तो विरळ हवेचा धोका घेऊन : प्राणवायूच्या नळकांड्यातून श्वास घेत जिवंत खाली पोहोचायचे. कसरती, गुण, वेग सारे तेथेही आहे; चूक झाली तर काळ मागे फिरवण्याची सोयसुद्धा आहे. तरीही त्या उतारावर आमचे विद्यार्थी कोलांट्या मारायचे थांबतात आणि सरळ खाली बघू लागतात. दोन-तीनदा असे उतरून झाले, की पुन्हा जुन्या 'ट्रिकी'ची तबकडी यंत्रात जाते.