वॉरंटी संपली, आता?
वॉरंटी संपली की महागडी गाडी ठेवावी की विकावी? हा प्रश्न आला की मला मर्सिडीजची डब्ल्यू १२४ आठवते. १९८४ साली आलेली ही गाडी १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या आवारात बनू लागली. इंजिन दणकट, जर्मनीत तर टॅक्सीवाल्यांची लाडकी! पण १९९० नंतरच्या काही गाड्यांत इंजिनाच्या वायरींचं आवरण उष्णतेनं कडक होऊन तडकायचं. लोखंड शाबूत, वायरी गेल्या! आणि हे कळेपर्यंत वॉरंटी कधीच संपलेली. गंमत म्हणजे जुन्या गाडीची किंमत उतरते, स्पेअर पार्ट्सची नाही. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. तुमच्या गाडीचं कोणतं वर्ष बदनाम आहे ते बघा. दुरुस्तीचे पैसे बाजूला काढता येत असतील तर खुशाल ठेवा, नाहीतर वेळीच विका.