पाटीवरचे साल

यंदा उत्सवाच्या मंडपात सजावटीच्या एका बाजूला एक छोटे जुने इंजिन ठेवले आहे. दर्शनाला आलेल्या पुष्कळांनी त्याच्यापुढे थांबून पाटी वाचली असेल. त्या पाटीवर सुरुवातीला ‘सन १९०५’ असे लिहायचे ठरले होते. ते का लिहिले नाही, याची ही हकीगत.

इंजिन निघाले मंडळाच्याच एका जुन्या कुटुंबाच्या वाड्यात, जिन्याखालच्या खोलीत. वाडा पाडायचा होता आणि भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला होता. घरातल्या काकांनी तेवढ्यात आम्हाला निरोप धाडला. काका आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले असे की, आजोबांनी १९०५ साली हे यंत्र आणले आणि त्यावर डायनामो चालवून गणपतीपुढे दिवे लावले. आमच्यापैकी काहींनी यंत्रविद्येचा डिप्लोमा केलेला, सरकारी नोकरीत पंप आणि यंत्रांच्या देखभालीत हात काळे झालेले. म्हणून पाटीचा मजकूर तपासण्याचे काम आमच्याकडे आले.

पहिला प्रश्न, हे इंजिन कोणत्या जातीचे? वर्षानुवर्षांचा चिकटा रॉकेल आणि सुती फडक्याने सोडवला. तारेचा ब्रश मुद्दाम वापरला नाही, कारण त्याने अक्षरे कायमची जातात. खालून पितळी पट्टी निघाली. तिच्यावर कागद धरून पेन्सिल घासली, तेव्हा पुसट अक्षरे उमटली. ‘आर. ए. लिस्टर अँड कंपनी, डर्स्ली’, एक क्रमांक आणि मिनिटाला ७०० फेरे.

लिस्टर म्हटले की आपल्याकडे डिझेल इंजिन डोळ्यांपुढे येते. त्याच्या नकला राजकोटला इतक्या निघाल्या की गुजरातेत शेतोशेती तोच आवाज घुमत असे. पण या इंजिनाला डिझेलचा पंप नव्हता, इंजेक्टर नव्हता. डोक्यावर स्पार्क प्लग, बाजूला मॅग्नेटो आणि कार्बोरेटर. म्हणजे हे पेट्रोलचे. सिलिंडरभोवती पाण्याची उघडी टाकी, क्रँक पूर्ण झाकलेला, दोन्ही झडपा बाजूला. या खुणांवरून ते लिस्टरचे ‘डी’ मॉडेल ठरले. ताकद दीड अश्वशक्ती. म्हणजे अकराशे वॅटच्या जरा वर. पट्ट्यात आणि डायनामोत वाया जाणारे सोडले तर साठ वॅटचे दहा-बारा दिवे लागतील. तेव्हा गणपतीपुढे दिवे लागल्याची घरची आठवण अगदी पटण्यासारखी होती.

दुसरा प्रश्न वयाचा. इथे आमची आधी चूक झाली. मॅग्नेटोवर ब्रिटिश पेटंटचा सहा आकडी क्रमांक दिसला. इंग्लंडात १९१५ पर्यंत पेटंटचे क्रमांक दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू होत. १९१६ पासून ते १,००,००१ च्या पुढे सलग देऊ लागले. म्हणून सहा आकडी क्रमांक १९१६ च्या आधीचा असू शकत नाही. आम्ही लगेच म्हटले, १९०५ खोटे! पण मॅग्नेटो हा चार बोल्ट सोडले की बदलता येणारा भाग. कार्बोरेटर, टाकी, चाके यांचेही तेच. नव्या टोपीवरून माणसाचे वय ठरवण्यासारखे ते झाले. काकांनी जुन्या खातेवह्या काढून दिल्या आणि १९५१ च्या वहीत नोंद सापडली, ‘इंजिनास मॅग्नेटो नवा’. आमचा पहिला पुरावा तिथेच निकामी झाला.

वय विचारायचे ते बिडाच्या मूळ अंगाला आणि पितळी पट्टीला. लिस्टर कंपनी १८६७ ची, इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या डर्स्ली गावची. आरंभी ती शेतीची अवजारे करी, पुढे दुधातून साय काढण्याची यंत्रे विकी. पेट्रोल इंजिनांकडे ती वळली १९०९ च्या सुमारास. आणि ‘डी’ मॉडेल निघाले १९२६ साली, ते साठीच्या दशकापर्यंत चालले. म्हणजे आजोबांनी १९०५ साली हे इंजिन आणणे शक्यच नव्हते. ते १९२६ च्या आधीचे नाही. आणि खातेवहीच्या नोंदीमुळे १९५१ च्या नंतरचेही नाही.

हे काकांना सांगायला कोणी पुढे होईना. शेवटी आम्ही सगळेच गेलो. काका ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे आजोबा नव्हेत, वडील. वडिलांनी आणले असेल. मी लहानपणी हँडल मारताना त्यांनाच पाहिलंय.” घरात नाव आजोबांचे चालत आले, कारण घरातले सगळेच मोठे काम आजोबांच्या नावे जमा होत असे. वडील मागेच राहिले होते. साल पुढे सरकले आणि वडील पुन्हा पुढे आले. काकांनी त्याच दिवशी भंगारवाल्याला नकार कळवला.

मंडळात एक सूचना आली की ‘श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळातील’ असे तरी लिहावे. बडोदेकरांना ते आवडले असते. पण महाराज १९३९ च्या फेब्रुवारीत गेले. आमचा पुरावा १९५१ पर्यंत येतो. म्हणून पाटीवर एवढेच आहे: ‘लिस्टर डी पेट्रोल इंजिन, इंग्लंड. १९२६ ते १९५१ च्या दरम्यानचे. गणेशोत्सवात दिव्यांसाठी वापरलेले.’

आपल्या घरांतून अशी यंत्रे अजून असतील. माळ्यावर, गोठ्यात, विहिरीपाशी. त्यांना लगेच रंग देऊ नका, पट्टी घासू नका. सगळे आकडे वहीत उतरवा, फोटो काढा. कोणता भाग मूळ आणि कोणता मागून बसवलेला, हे वेगळे लिहा. जाम झालेले चाक जोर लावून फिरवू नका. प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडा आणि काही दिवस वाट पाहा. आणि यंत्राशेजारी घरच्या वह्याही सांभाळा. आमच्या बाबतीत अर्धे उत्तर लोखंडाने दिले, अर्धे वहीने.

विसर्जनानंतर इंजिन मंडळाच्या कार्यालयात राहील. काकांनी ते देताना एकच अट घातली: पाटीच्या खाली वडिलांचे नाव असावे. ते घातले आहे.