बाराची मुलाखत

सकाळी ८.३०
दुपारी बाराला भाचीची डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशाची ऑनलाइन मुलाखत आहे. पंधरा मिनिटांची. खाली बांधकामाची खडखड चालू, म्हणून तिच्या बाबांचे इअरबड्स लावायचं ठरतं. लॅपटॉपचा स्वतःचा आवाज तिने रात्री सगळे झोपल्यावर शून्यावर नेलाय, तो तसाच राहतो.

८.४०
डबी उघडली की बड्स ओळखीच्या फोनला जाऊन चिकटतात. लॅपटॉपच्या यादीत त्यांचं नावच नाही. डबीवरचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं, तेव्हा कुठे नाव उमटतं. कनेक्टेड.

९.००
ती गाणं लावते. तबला, तानपुरा, सगळं स्वच्छ. ‘चालतंय!’ म्हणून बड्स परत डबीत.

घात इथे झाला. गाणं ऐकताना ब्लूटूथ ज्या पद्धतीने चालतं तिला ए-टू-डीपी म्हणतात. त्यात आवाज लॅपटॉपकडून कानाकडे, एकाच दिशेने जातो. बड्सचा माइक वापरातच नसतो. गाणं वाजलं म्हणून कॉल चालेल असं धरून चालणं फार महागात पडतं. आधी कुणाला तरी कॉलच लावून बघायला हवा.

१०.३०
कामाचे नमुने दाखवायला ती हार्ड डिस्क जोडते आणि पुन्हा कानात घातलेल्या बड्समधला आवाज तुटायला लागतो. यूएसबी ३.० मधून निघणारा गोंगाट ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो; इंटेलने २०१२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. फाइली लॅपटॉपवर उतरवून डिस्क काढली की आवाज ताळ्यावर येतो.

११.४०
मीटिंगचं ॲप उघडून ती माइक चालू करते. त्याच क्षणी आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बड्सचा माइक मागितला की जुनं ब्लूटूथ हँड्‌स-फ्री पद्धतीवर उतरतं: दोन्ही कानांना मिळून एकच आवाज, सेकंदाला ८ हजार नमुने, फार तर १६ हजार. गाण्याला ४४ हजारांच्या वर मिळत होते. ८ हजारांत ‘स’सारखे आवाज अस्पष्ट होतात. बड्स बिघडलेले नव्हते. ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडायचा आणि स्पीकर म्हणून बड्स ठेवायचे, एवढंच करायचं होतं. पण पडद्यावर याबद्दल एक ओळ येत नाही, याचा मला खरोखर संताप येतो. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओत ही अडचण सुटते, मात्र लॅपटॉप आणि बड्स दोघांतही ती सोय लागते.

११.५२
बड्स बिघडले असं समजून ती लॅपटॉपवरून ते काढून टाकते, नव्याने जोडावेत म्हणून डबी बंद करून पुन्हा उघडते. बड्स थेट हॉलमधल्या बाबांच्या फोनवर. लॅपटॉपची यादी रिकामी. बटण दाबून धरायचं घाईत सुचत नाही.

१२.००
बड्स कानात घालून ती तशीच आत शिरते. तीन परीक्षक. ओठ हलतात, आवाज नाही. बड्स गेल्यावर आवाज लॅपटॉपच्या स्पीकरकडे आला होता. पण विंडोज प्रत्येक साधनाचा आवाज वेगळा लक्षात ठेवतं, आणि इथला रात्रीपासून शून्यावर होता. परीक्षकांना ती नीट ऐकू येत होती. आवाज वाढवायची एक कळ पुरली असती.

१२.०४
कानात रिंग घणघणते. आजीने शुभेच्छा द्यायला बाबांना फोन केलाय. भाची दचकून बड्स उपसून काढते. बाबा हॉलमधून ‘काय झालं गं?’ विचारत येतात.

१२.०७
चॅटमध्ये परीक्षक लिहितात, बाहेर पडून परत या. ती लॅपटॉप रीस्टार्ट करते. पडद्यावर अपडेटचे टक्के चढू लागतात.

१२.१६
ती परत येते तेव्हा दाराशीच संदेश आहे: पुढच्या उमेदवाराची मुलाखत सुरू झाली आहे.