बर्फावरची वाट, ओहोटीची वाट

वरोरच्या किनाऱ्याबद्दल बोलायचं आणि सुरुवात करायची नॉर्वेतल्या बर्फापासून, हे ऐकून कुणालाही हसू येईल. डहाणू तालुक्यात थंडीत फार तर स्वेटर निघतो, बर्फ कुठला! पण आपला आजचा विषय बर्फ नाही, वाट आहे.

'स्की' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला. अर्थ, चिरलेलं लाकूड. स्वीडनमध्ये दलदलीत सापडलेली एक स्की सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे खेळ फार नंतर आला. आधी शिकार, सरपण, शेजारचं गाव. १२०६ मध्ये नॉर्वेत यादवी चालू असताना दोन स्कीवाल्यांनी तान्ह्या राजपुत्र होकोनला डोंगरापलीकडे नेऊन वाचवलं. त्या आठवणीसाठी १९३२ पासून शर्यत होते, आणि स्पर्धक पाठीवर साडेतीन किलोंचं ओझं घेतात. बाळाचं वजन, बरं का!

आता महत्त्वाचा मुद्दा. १९५७ मध्ये नॉर्वेने कायदा केला. रानात, डोंगरात कुणीही चालावं, हा जुना रिवाज त्यात लेखी आला. शेतातून मात्र एरवी जाता येत नाही. पण हिवाळ्यात जमीन गोठली किंवा बर्फाने झाकली, की तिथूनही वाट खुली. बांध दिसेनासा झाला की मालकीही थोडी मागे सरते.

आपल्याकडे हेच काम ओहोटी करते. पाणी मागे गेलं की खडक उघडे पडतात आणि भरतीपर्यंत ती जागा सगळ्यांची. तिचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. पण पाय ठेवायचा कुठे, हे पिढ्यांना ठाऊक असतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की समुद्रकिनारा, वाहतं पाणी ही जनतेची ठेव. सरकार फक्त विश्वस्त.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण आलं. त्याने १९९८ मध्ये शेजारच्या वाढवणचं बंदर नाकारलं आणि २०२३ मध्ये परवानगी दिली. २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींच्या बंदराला मंजुरी दिली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आहे. कुणाला त्यात रोजगार दिसतो, कुणाला मासेमारी जाताना दिसते. दोघंही आपलीच माणसं.

आमचं म्हणणं एवढंच. नुकसानभरपाई मोजताना होडी मोजतात, जाळं मोजतात, घर मोजतात. वाट कोण मोजणार? नॉर्वेने ती कागदावर आणली, म्हणून टिकली. आपली वाट अजून पायांतच आहे. चालणारे आहेत तोवर ती लिहून ठेवू या. कुठून निघते, कुठे संपते, कोण कशासाठी जातं. तेवढं झालं, तरी आजचं बोलणं सार्थकी लागलं.