९५० डॉलरची चोरी

"कॅलिफोर्नियात ९५० डॉलरपर्यंतची चोरी माफ!" हे व्हॉट्सॲपवर तुम्हीही वाचलं असेल. माफ वगैरे काही नाही. २०१४ च्या 'प्रपोझिशन ४७'ने एवढी चोरी किरकोळ गुन्ह्यात टाकली, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. टेक्सासात ही मर्यादा २५०० डॉलर आहे, त्यावर कुणी फॉरवर्ड पाठवत नाही.

मुळात हा कायदा का आला? १९९४ मध्ये याच मतदारांनी 'थ्री स्ट्राइक्स' उचलून धरला होता. गोल्फच्या तीन स्टिक चोरणाऱ्या एका जुन्या गुन्हेगाराला २५ वर्षं ते जन्मठेप झाली आणि २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. तीन स्टिक! तुरुंगांत क्षमतेच्या जवळपास दुप्पट माणसं कोंबलेली. शेवटी २०११ मध्ये कैदी कमी करण्याच्या आदेशावर त्याच कोर्टाने शिक्का मारला.

मग कोविडनंतर दुकानं लुटली जायला लागली, टूथपेस्टसुद्धा कुलपात गेली. लोक चिडले, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. दुकानदाराने तक्रार करायची आणि चोर सापडायचाच नाही, हे किती दिवस चालणार? पण मला विचाराल तर दुखणं तिथेच होतं. चोर सापडण्याचं प्रमाण कायद्यानंतर घसरलं आणि २०२० नंतर आणखी खाली गेलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ६८ टक्के मतदारांनी 'प्रपोझिशन ३६' मंजूर करून शिक्षाच वाढवली. आधी दोनदा दोषी ठरलेल्याने तिसऱ्यांदा चोरी केली, तर रक्कम कितीही असो, गंभीर गुन्हा लावता येतो. फिरून पुन्हा तीनच!