रायडर कायदा (स्पेन)

रायडर कायदा : ॲपवरच्या ऑर्डरी घरपोच देणाऱ्यांना स्वयंरोजगारी न मानता कंपनीचे नोकर मानणारा स्पेनचा कायदा. बार्सिलोनाच्या ग्लोव्हो कंपनीचा रायडर नोकरच ठरतो, असा निकाल स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये दिला. कामगारमंत्री योलांदा दियास यांच्या पुढाकाराने मे 2021 मध्ये वटहुकूम निघाला व 12 ऑगस्टपासून लागू झाला. काम वाटणाऱ्या अल्गोरिदमचे निकष कामगार प्रतिनिधींना सांगणेही त्याने बंधनकारक केले.

आर्थिक परिणामांचे मूळ रिकाम्या वेळेत आहे. ऑर्डरमागे पैसे मिळत, तेव्हा हॉटेलबाहेर ताटकळण्याचा वेळ, गाडीचा खर्च आणि सामाजिक सुरक्षेचा हप्ता रायडरच्या माथी असे. ॲपवर गरजेपेक्षा जास्त रायडर असले तरी कंपनीला तोशीस नव्हती. पगार सुरू होताच तो वेळ कंपनीच्या खर्चात येतो. शिवाय सामाजिक सुरक्षेतला मालकाचा वाटा वेतनाच्या सुमारे 30 टक्के पडतो. साहजिकच कंपनी माणसे मोजून घेते, पाळ्या लावते. एका वेळी दोन-तीन ॲप चालू ठेवण्याची मुभा संपते. ज्याला नोकरी मिळते त्याला किमान वेतन, पगारी रजा, आजारपणाचा भत्ता मिळतो. कागदपत्रे नसलेल्या, दुसऱ्याच्या खात्यावर राबणाऱ्या स्थलांतरिताची मात्र कमाईच बुडते. काही रायडरांनी कायद्याविरुद्ध निदर्शने केली, ती सगळी कंपन्यांचीच फूस होती असे म्हणणे अन्यायाचे होईल.

डिलिव्हरू या घरपोच सेवा देणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पेन सोडले. मात्र तिच्या एकूण व्यवहारात स्पेनचा वाटा 2 टक्क्यांहून कमी होता, त्यामुळे सगळा दोष कायद्याला देता येत नाही. जस्ट ईटने कामगार संघटनांशी करार केला. ग्लोव्होने रायडरला आपला दर कमीजास्त करण्याची सोय दिली आणि स्वयंरोजगाराचे सोंग चालू ठेवले. आधी कंत्राटदारांमार्फत माणसे घेणारी उबर ईट्सही 2022 मध्ये त्याच वाटेने गेली. अंमलबजावणी ढिली असली की कायदा पाळणाराच तोट्यात जातो, हा स्पेनचा खरा धडा. ग्लोव्होला सप्टेंबर 2022 मध्ये सुमारे 7.9 कोटी युरोंचा दंड झाला, तरी ती बधली नाही. पुढे दंडसंहितेतच दुरुस्ती झाली आणि डिसेंबर 2024 मध्ये ग्लोव्होने रायडरांना नोकरीत घेण्याचे जाहीर केले. त्यामुळे 2025 च्या नफ्याला सुमारे 10 कोटी युरोंचा फटका बसेल, असा मूळ कंपनी डिलिव्हरी हीरोचा अंदाज होता. यातला बराचसा भार आधी रायडर आणि सरकारी तिजोरी वाहत होती.

युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशानुसार सदस्य देशांना नोकरी गृहीत धरणारी तरतूद 2 डिसेंबर 2026 पर्यंत करायची आहे. भारताच्या सामाजिक सुरक्षा संहितेने (2020) निराळा मार्ग धरला आहे : गिग कामगार नोकर ठरत नाही, पण कंपनीने वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्याच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची असते.